कढीपत्त्यावरच्या दोन बहिणी

आमच्या सावंतवाडीकडच्या घराच्या मागीलदारी कढीपत्त्याचं झाड आहे. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आईने आमटीसाठी डहाळी तोडून आणली आणि नळाखाली धरली. पानांवर पक्ष्यांच्या शिटेचे पांढरे-तपकिरी ठिपके होते, ते धुवायचे होते. त्यातल्या एका ठिपक्यावर पाणी पडलं तसा तो आखडला, त्याने मान वर केली आणि डोक्यामागून लालसर, ओली, दोऱ्यासारखी दोन शिंगं बाहेर काढली. नासलेल्या लिंबासारखा उग्र वास सुटला. "आगो बाय, ह्यां जितां आसा!" म्हणत आईने डहाळी माझ्या हातात दिली.

ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी होती. लहानपणी ही अळी हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, कारण कोणताही पक्षी स्वतःची शीट उचलून खात नाही. मोठी झाली की हे सोंग तिच्या अंगाला पुरत नाही. मग ती कात टाकून पानासारखी हिरवी होते. आदल्या आठवड्यात त्याच झाडावर एक मादी मी पाहिली होती. कोवळ्या पानाला पाय लावून, पोट वाकवून, मोहरीएवढं एकेक पिवळसर अंडं ती चिकटवत होती. मी शोधून आणखी एक अळी काढली. दोघींना बरणीत ठेवलं, बरणीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि रोज ताजा पाला घालत राहिले.

गणपतीच्या आधी दोन्ही कोष एका दिवसाच्या अंतराने उघडले. दोन्ही माद्याच होत्या. पहिली काळीभोर, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, थेट नरासारखी. फक्त कडेला लाल चंद्रकोरी जरा ठसठशीत. दुसरीचे पंख सुकून पसरले तेव्हा मी बघतच राहिले. तिच्या मागच्या पंखांच्या मधोमध पांढरा मोठा डाग होता आणि भोवती लाल कोरी. आई म्हणाली, "ह्यां तर आपल्या गडग्यावरचां!"

आईची नजर पक्की आहे. गडग्यावर, जांभ्या दगडांच्या फटीतून वर चढलेली ईश्वरीची वेल आहे. काही जण तिला सापसंद म्हणतात. त्या वेलीभोवती जे फुलपाखरू सावकाश घुटमळत असतं ते कॉमन रोज, आणि बरणीतली ही दुसरी बहीण त्याचंच रूप घेऊन आली होती. फरक एकच होता, तोही वाकून पाहिला तेव्हा सापडला. कॉमन रोजचं अंग लाल असतं. हिचं अंग काळंच होतं.

एका आईच्या दोन लेकी, एका झाडावर वाढलेल्या. एक बापासारखी आणि दुसरी शेजारणीसारखी का व्हावी? या प्रश्नापायी पुढच्या वर्षभरात मी तीन ठिकाणी गेले. आंबोली तर घरापासून तासाभरावरच आहे. रामेश्वर आणि शिमला मात्र देशाची दोन टोकं.

निघण्यापूर्वी जे वाचलं ते थोडक्यात सांगते. ईश्वरीच्या वेलीत ॲरिस्टोलोकिक आम्ल नावाची विषारी द्रव्यं असतात. कॉमन रोज आणि तिची बहीण शोभावी अशी क्रिमझन रोज, दोघींच्या अळ्या ही वेल खातात आणि ते विष अंगात साठवतात. कोष फोडून बाहेर पडणाऱ्या फुलपाखरातही ते उतरतं. लाल-काळा-पांढरा वेष ही त्या विषाची दवंडी. कढीपत्ता, लिंबू, बेल यांवर वाढणाऱ्या कॉमन मॉर्मनच्या अंगात तसलं काही नाही. ती चविष्ट आहे. म्हणून तिच्या काही माद्या विषारी शेजारणींचा वेष घेतात. या जातीत माद्यांची तीन रूपं आहेत. नरासारखी दिसणारी ती सायरस, कॉमन रोजसारखी ती स्टिकियस आणि क्रिमझन रोजसारखी ती रोम्युलस. तीन तऱ्हेच्या 'बायका' असलेलं म्हणून इंग्रजांनी या फुलपाखराला मॉर्मन हे नाव दिलं असं सांगतात.

या सोंगाला पक्ष्यांसारखे शास्त्रज्ञही फसले होते. लिनियसने १७५८ साली नर आणि मादी या दोन वेगळ्या जाती समजून त्यांना पॅमॉन आणि पॉलिटिस अशी दोन नावं दिली. ट्रोजन युद्धातल्या वीरांची नावं त्याने फुलपाखरांना वाटली होती. पॅमॉन, पॉलिटिस आणि क्रिमझन रोजला मिळालेलं हेक्टर, ही तिन्ही ट्रॉयच्या प्रायम राजाच्या मुलांची नावं. म्हणजे खरी आणि नकली कागदावर आधीच भावंडं झाली होती. पॅमॉन आणि पॉलिटिस ही एकाच जातीची नवरा-बायको आहेत हे आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ साली छापलेल्या निबंधात मांडलं. मलय द्वीपसमूहात आठ वर्षं फिरून आल्यानंतरचा तो निबंध.

*

आंबोलीला गेले तेव्हा पाऊस नुकताच मागे सरला होता. ऑक्टोबरातलं आंबोलीचं ऊन मला फार आवडतं. धुकं वितळून झाल्यावर साडेनऊ-दहाला ते पडतं आणि मग तासाभरात घाणेरीच्या झुडपांवर फुलपाखरांची दाटी होते. चौकुळच्या रस्त्याला एक वळण आहे, तिथे विजेच्या तारेवर कोतवाल बसतात. ज्यांच्या घरी उतरले होते ते काका म्हणाले, "थंय बस सकाळी. सगळां बघूक मिळात."

दोन सकाळी मी तिथे बसले. कोतवालाचं काम बघण्यासारखं असतं. तारेवरून तो तिरका सुटतो, हवेतच झडप घालतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. फुलपाखरू मिळालं तर पायाखाली दाबून चोचीने पंख उपटतो. पंख गिरक्या घेत खाली येतात. पोटाचा भाग गिळला की शेपटी एकदा हलवून पुढच्याची वाट बघतो. शेजारच्या वाळक्या फांदीवर वेड्या राघूंची जोडी होती. ते भक्ष्य फांदीवर आपटून आपटून मऊ करतात.

ऊन चढल्यावर मी तारेखालचं गवत चाळलं आणि पंख गोळा केले. पिवळे पंख सर्वांत जास्त, एमिग्रंट जातीचे. तपकिरी काही, ते ओळखता आले नाहीत. काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेले कॉमन मॉर्मनचे मागचे पंख तीन निघाले. लाल-पांढऱ्या डागाचा एकही नव्हता आणि डोळ्यांसमोर तर कॉमन रोज दहा-बारा उडत होत्या. दोन सकाळी म्हणजे काही पुरावा नव्हे, हे मला कळतं. तरी गवतात गुडघे टेकून ते पंख वेगळे करताना पुस्तकात वाचलेलं सगळं बोटांना लागलं.

दुसऱ्या दिवशी याहून बोलकी गोष्ट दिसली. घाणेरीवर एक कॉमन रोज बसली होती. तिने पंख मिटले तेव्हा मागच्या दोन्ही पंखांच्या कडा एकाच जागी, एकाच आकारात त्रिकोणी कापलेल्या दिसल्या. बसलेली असताना, पंख मिटलेले असताना, पक्ष्याने चोच घातली होती आणि मग सोडून दिलं होतं. या फुलपाखरांचं अंग चिवट असतं. चोचीत सापडून सुटली तरी ती उडू शकतात. तो काप म्हणजे कुठल्या तरी कोवळ्या कोतवालाचा पहिला धडा असावा. धडा पक्ष्याला मिळाला, खूण फुलपाखराच्या पंखावर राहिली.

काकांना दाखवलं. ते म्हणाले, "लाल आंगाच्याक कोतवाल तोंड लावीत नाय. पण काळ्या आंगाच्या त्याच रंगाच्यांकय लावीत नाय. त्यांका काय ठाऊक!" ते चाळीस वर्षं त्या घाटात गुरं राखत आलेत. मिमिक्री हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही.

सोंग घेतात त्या माद्याच का, नर का नाही, हेही तिथे बसल्या-बसल्या उमगत गेलं. नर भरधाव फिरतो, ओल्या मातीवर बसला तरी सावध असतो. मादीला मात्र एकेक पान पायांनी चाचपत, थबकत उडावं लागतं, आणि पोटात अंड्यांचं ओझं. नाओता ओसाकी या जपानी अभ्यासकाने बोर्निओत पकडलेल्या फुलपाखरांच्या पंखांवरचे चोचीचे काप मोजले आणि पक्षी नरांपेक्षा माद्यांवर जास्त झडपा घालतात असं १९९५ साली दाखवून दिलं. वेषाची गरज जिला जास्त, तिच्याकडे वेष.

सोंग नुसतं रंगाचं नसतं. स्टिकियस मादी उडतेही कॉमन रोजसारखी, संथ, पंखांची मोजकी फडफड करत. मी एकदा फसले, दुसऱ्यांदा फसले आणि तिसऱ्यांदा फुलावर टेकल्यावर अंगाचा रंग बघून खात्री केली.

*

रामेश्वरला जायचं ठरवलं ते क्रिमझन रोजसाठी. आमच्याकडे ती आहे, पण सुटीसुटी. दक्षिणेत, विशेषतः कोरड्या किनारपट्टीवर, ती शेकड्यांनी दिसते आणि कधी कधी थव्याने समुद्रावरून श्रीलंकेच्या दिशेने निघते असं वाचलं होतं. डिसेंबरात पांबनचा पूल ओलांडला तेव्हा पहाट होती. खाली हिरवट पाणी आणि गाडीत आमच्या डब्यात कोल्हापूरकडचं एक मोठं कुटुंब, काशीचं गंगाजल घेऊन रामेश्वराला घालायला निघालेलं. त्यातल्या आजींनी मला विचारलं, "बाई, एकट्याच आलात? देवाला?" फुलपाखरं बघायला आलेय म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "तेबी देवाचंच की."

धनुष्कोडीच्या रस्त्याला दोन्हीकडे समुद्र आहे. १९६४ च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळाने हे गाव पुसून टाकलं. चर्चच्या भिंती आणि रेल्वेचे अवशेष वाळूत उभे आहेत. तिथून श्रीलंकेचं तलैमन्नार जेमतेम तीसेक किलोमीटर. वाऱ्याला तोंड देत वाळूवर चालताना तीन क्रिमझन रोज माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून पाण्याकडे गेल्या. पुढच्या पंखांवर दोन पांढरे पट्टे, मागच्या पंखांवर कुंकवाचे टिळे लावल्यासारखे लाल ठिपके, अंग लालभडक. त्या समुद्रावर गेल्या की परतल्या हे मला दिसलं नाही. वाळू डोळ्यांत जात होती.

खरं दृश्य संध्याकाळी दिसलं. गावाबाहेर काटेरी वेड्या बाभळींची झुडपं आहेत. ऊन उतरलं तशा क्रिमझन रोज एकेक करून तिथे येऊ लागल्या आणि निष्पर्ण काटक्यांना लटकू लागल्या. एका झुडपावर मी साठपर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं. एवढ्या उघड्यावर, एवढ्या गडद रंगांत, बुलबुल आणि कोतवाल भोवती असताना, रात्रभरासाठी! लपण्याची त्यांना गरजच नाही. एकत्र लटकल्या की ती दवंडी आणखी मोठी होते.

मी अगदी जवळ जाऊन एकेकीचं अंग बघत गेले. लाल, लाल, लाल. आणि खालच्या काटकीवर एक काळी. पुढच्या पंखांवरचे पांढरे पट्टे जरा मळकट, मागचे लाल ठिपके फिकट, पण दहा पावलांवरून कुणालाही कळलं नसतं. रोम्युलस. कुठल्या तरी अंगणातल्या लिंबावर वाढलेली ती मादी विषारी बायकांच्या धर्मशाळेत मुक्कामाला आली होती. अंधार पडेपर्यंत मी तिथेच उभी होते. ती हलली नाही, शेजारणीही हलल्या नाहीत.

रोम्युलसची नक्कल स्टिकियसइतकी तंतोतंत नसते, हे जुन्या पुस्तकांत लिहिलेलं आहे आणि तिथे मला ते स्पष्ट दिसलं. मग चालते कशी? मला वाटतं, चालते ती आसपासच्या त्या साठ जणींमुळे. ज्या पक्ष्याने आठवड्यात चार वेळा लाल अंगाचं कडू खाल्लंय तो पट्टे मळकट आहेत की शुभ्र हे तपासत बसत नाही.

इथे रंगाचा भूगोल पहिल्यांदा माझ्या ध्यानात आला. क्रिमझन रोज ही भारतीय द्वीपकल्पाची आणि श्रीलंकेची. रोम्युलस मादी आढळते तीही याच पट्ट्यात. कॉमन रोजचा मुलूख फार मोठा आहे, भारतापासून पार आग्नेय आशियापर्यंत आणि जपानच्या दक्षिण बेटांपर्यंत. तिचं सोंग घेणाऱ्या माद्याही तेवढ्याच दूरवर. जिथे मूळ नाही तिथे नक्कल नाही. मग मूळ अजिबातच नसेल तिथे काय?

*

एम. ए. विंटर-ब्लाइथ यांचं भारतीय फुलपाखरांवरचं पुस्तक मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५७ साली काढलं. फुलपाखरांच्या मागे लागलेल्या माणसाकडे ते आजही असतं. कॉमन रोज आणि क्रिमझन रोज जिथे नाहीत अशा भागात कॉमन मॉर्मनच्या नरासारख्या माद्याच नेहमी दिसतात आणि शिमल्याच्या टेकड्या हा त्याचा दाखला, हे अभ्यासकांनी फार पूर्वी टिपून ठेवलंय. म्हणून सप्टेंबरात कालक्याहून छोट्या गाडीत बसले.

शिमला शहरात मला फारसं काम नव्हतं. खालच्या उतारावर, चीड आणि ओकची झाडं विरळ होऊन पायऱ्यापायऱ्यांची शेतं सुरू होतात तिथल्या एका गावात मी चार दिवस राहिले. प्रत्येक घराशी गलगलाचं झाड. गलगल म्हणजे तिकडचं मोठं, जाड सालीचं लिंबू. त्याचं लोणचं घालतात, हिवाळ्यात उन्हात बसून चाट करून खातात. ज्यांच्या अंगणात मी बसायचे त्या आजींनी माझं बोट ज्या फुलपाखराकडे होतं तिकडे बघून सहज सांगितलं, "ये तो गलगल वाली तितली है, बेटा." आमच्या कढीपत्त्याचं फुलपाखरू तिथे गलगलाचं झालं होतं.

चार दिवसांत गलगलावर अंडी घालताना सहा माद्या पाहिल्या. सहाही काळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीच्या. कडेला लाल चंद्रकोरी. सगळ्या बापासारख्या. बरणीतून आधी निघालेली आमच्या घरची ती थोरली बहीण मला जागोजागी भेटत होती आणि धाकटीचा मागमूस नव्हता.

हिमालयातही पक्षी आहेतच. समोरच्या तारेवर कोतवाल होता, शेंडीवाला हिमालयी बुलबुल अंगणात यायचा. फुलपाखरांना खाणाऱ्या चोचींची तिथे काही कमतरता नाही. कमतरता आहे ती कडू आठवणीची. या उतारांवर कोतवालाला कधी कॉमन रोज खाऊन ओकारी आलेली नाही. त्याच्यासमोर लाल-पांढऱ्या डागाची काळी मादी उडाली तर त्याला ती सोपं, दुरून दिसणारं, सावकाश उडणारं भक्ष्य वाटेल. सावंतवाडीत जे चिलखत, ते शिमल्यात आमंत्रण. पंखांवरचा रंग तोच; त्याची किंमत त्या-त्या गावच्या पाखरांच्या डोक्यात ठरते. खाली दूनच्या खोऱ्यात उतरलं की कॉमन रोज भेटते आणि तिच्यासोबत स्टिकियसही.

याच्या उलटा प्रसंगही घडलेला आहे, जपानच्या मियाको बेटावर. तिथे कॉमन मॉर्मन आधीपासून होती, कॉमन रोज नव्हती. पुढे कॉमन रोज बेटावर येऊन रुजली आणि त्यानंतरच्या वर्षांत रोजसारख्या दिसणाऱ्या मॉर्मन माद्यांचं प्रमाण वाढत गेलं. उएसुगी या अभ्यासकाने ते नोंदवलं. त्याने बुलबुलांना आधी कॉमन रोज खायला घालून मग सोंगाड्या माद्या पुढे ठेवल्या. बुलबुलांनी त्या नाकारल्या. उतारावर बसून मी ही गोष्ट आठवत होते, तेव्हा वाटलं की शिमल्याच्या या बाजूला उद्या ईश्वरीची जात आणि तिच्यावरची फुलपाखरं आली, तर काही पावसाळ्यांत या गलगलाच्या झाडावरही धाकटी बहीण जन्माला येईल.

कशी येईल, त्याचं उत्तर रक्तात आहे. तेव्हाच्या सिलोनमध्ये जे. सी. एफ. फ्रायर यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच कॉमन मॉर्मनच्या पिढ्या वाढवून दाखवलं होतं की ही तीन रूपं मेंडेलच्या नियमाने आईबापांकडून उतरतात. सोंगाचं रूप प्रभावी, नरासारखं रूप अप्रभावी. म्हणून एकाच आईच्या दोन लेकी दोन वेषांत निघू शकतात, आणि बाप स्वतः साधा काळा असूनही लेकीच्या वेषाचं बी बाळगून असतो. तो वारसा नेमका कुठे आहे हे २०१४ साली कळलं. मराठी वाचकांना 'एका रानवेड्याची शोधयात्रा'मुळे ठाऊक असलेले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हा सगळा वेषपालट डबलसेक्स या एकट्या जनुकापाशी बांधलेला आहे. कीटकात नर-मादीचा भेद घडवणारं हे जनुक. पांढरा डाग, लाल कोरी, पट्टे, सगळं एका गाठोड्यात. गाठोडं मिळालं तर पूर्ण मिळतं, नाहीतर नाही. अर्धवट सोंगाला कोतवालापुढे टिकाव नाही.

आणि आमच्याकडे, जिथे दोन्ही रोज आहेत तिथेही, नरासारख्या माद्या टिकून आहेत त्याचं कारण मला याच प्रवासात पटलं. सोंग सगळ्यांनीच घेतलं तर नव्या पिढीच्या कोतवालाला आधी चविष्ट नकलीच भेटतील. तो लाल-पांढरा रंग गोड म्हणून लक्षात ठेवेल आणि खऱ्या विषारी फुलपाखरांवरही झडप घालील. खऱ्या जास्त, नकली कमी, हे प्रमाण राहिलं तरच दोघींचं भागतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी खोऱ्यात ढग उतरले, गलगलाखाली आजींनी चुलीवरचा चहा दिला आणि मी वहीत सहा माद्यांपुढे सहा वेळा सायरस लिहून वही मिटली.

*

घरी आले तेव्हा गणपती तोंडावर आले होते. वाडीवाडीत साफसफाई चालू होती. आता पूर्वीसारखे कोयते घेऊन माणसं येत नाहीत, पेट्रोलवरचं ग्रासकटर घेऊन एकच जण येतो आणि तासाभरात गडगा चकचकीत करून जातो. शेजारच्या वाडीचा गडगा मी पाहिला. जांभा धुऊन काढल्यासारखा लाल दिसत होता. त्याच्यावरची ईश्वरी जमिनीपासून कापली गेली होती आणि सुकलेला वेल अजून फटीत अडकून होता, त्याला टोपलीसारखी उलटी उघडलेली दोन फळं लोंबत होती. मला खूप वाईट वाटलं. कुणाचा त्यात दोष काढण्यासारखं काही नाही. लोकांना पाहुण्यांआधी अंगण स्वच्छ हवं असतं आणि ही वेल कुणी हौसेने लावत नाही.

कढीपत्ता प्रत्येक दारात आहे, लिंबू आहे, बेल आहे. कॉमन मॉर्मनच्या पोटापाण्याची आम्ही नकळत चांगली सोय करून ठेवली आहे. तिच्या सोंगाचं भांडवल मात्र गडग्यावरच्या त्या कुणी न लावलेल्या वेलीत आहे. वेल गेली तर कॉमन रोज जाईल. ती गेली की दोन-चार वर्षांत इथल्या कोतवालांच्या नव्या पिढीला तो रंग नुसता रंग वाटेल, आणि मागीलदारची धाकटी बहीण त्यांच्या तावडीत सापडेल. आमच्या वाडीत हळूहळू शिमला होईल.

हे सगळं मी आईला सांगितलं, जेवताना, तुकड्यातुकड्याने. रामेश्वरची काटक्यांना लटकलेली साठ फुलपाखरं तिला फार आवडली. ती एवढंच म्हणाली, "उद्या तो येतलो कापूक." सकाळी उठून मी बाहेर आले तर ती गडग्यापाशी उभी होती. वेलीच्या पानामागे मरून रंगाची, मऊ काट्यांची, अंगावर मधोमध पांढरा पट्टा असलेली एक अळी पान कुरतडत होती. आईने जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडून आणली होती आणि ग्रासकटरवाल्याला लांबून दिसेल अशा बेताने ती वेलीच्या बुंध्याला बांधत होती.